जागा चुकलेली टाळी

सास्तूरहून लोहाऱ्याला निघालेल्या जीपमध्ये तो चौदावा उतारू म्हणून चढला, आणि त्याच्या गिटारीची मान थेट दीक्षाच्या खांद्यावर विसावली.

"तुमचं वाद्य लई सलगी करतंय," ती म्हणाली.

"त्याला धाडस आहे," प्रसेनजित उत्तरला. "मालकाला न्हाय."

हसू ओठांत दाबून ती खिडकीबाहेर पाहू लागली. तो खोळीवर बोटांनी ठेका धरून गुणगुणत होता. तिच्या हातून नकळत एक टाळी वाजली, आणि ती ओशाळली.

"माझी टाळी कायम चुकते. विहारात गाण्याला सरुआत्या मला मागं बसवते."

"रेगेत टाळी तिथंच पडते. सम रिकामी सोडायची अन् मधल्या जागेत बोलायचं. जमैकातल्या नाडलेल्या माणसांचं गाणं आहे हे." त्याचा स्वर उतरला. "उद्या तहसील कचेरीपुढं धरणं आहे. आमच्या वस्तीवर दीड महिना टँकर न्हाय. ठेकेदाराची धमकी आली, तसा ढोलकीवाला पळाला… तुम्ही टाळी द्याल?"

टँकर ज्या ठेकेदाराचे, त्याच्याच एका टँकरवर दीक्षाचे वडील मच्छिंद्र चालक होते.

"न्हाय जमणार. तुम्हीपण गाऊ नका."

"हे भीतीपोटी, की काळजीपोटी?"

तिने गिटारीची मान खांद्यावरून हळूच बाजूला सारली.

तरीही दुसऱ्या दिवशी ती गेली, सरुआत्याच्या आडोशाला उभी राहिली. ठेकेदाराची माणसे मोटारसायकलींवरून एकेकाचा चेहरा न्याहाळत होती. गाणे बुडावे म्हणून रस्त्याकडेला टँकरचे इंजिन घरघरत ठेवले होते. स्टिअरिंगमागे मच्छिंद्र मान खाली घालून बसले होते. प्रसेनजितचा आवाज त्या घरघरीत विरला, ठेका सुटू लागला. एक माणूस त्याच्या रोखाने चालू लागला.

टाळी दिली तर घरची चूल विझेल, हे दीक्षाला लख्ख दिसत होते.

तिने टाळी दिली. मधल्या जागेत.

मच्छिंद्रांनी मान वर केली. लेकीकडे पाहिले. दुसरी टाळी पडली. तिसरीला सरुआत्याचाही हात उठला.

इंजिन बंद झाले.

किल्ली खिशात टाकून मच्छिंद्र खाली उतरले आणि लेकीशेजारी येऊन उभे राहिले. चालत आलेला माणूस जागीच थबकला. मात्र त्याने बाप, लेक आणि प्रसेनजित अशा तिघांचेही चेहरे नीट पाहून घेतले.

कडवे संपवून प्रसेनजित तिच्याजवळ सरकला.

"हात थांबवू नका."

"कुठवर?"

"जन्मभर म्हणालो… तर भ्याल?"

"भीन," ती म्हणाली, आणि पुढची टाळी तिने अचूक त्या मधल्या जागेत दिली.