नॉर्वेच्या राजाचा पाळणा

शंतनू, तो टीव्ही बंद कर आधी. आणि मध्येच दात काढायचे नाहीत, सांगून ठेवतो. शैलेंद्र माझ्याच टीममध्ये होता, मिनियापोलिसला. नागपूरचा सरळमार्गी पोरगा, थापा मारणाऱ्यातला नव्हे. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना खाली मान घालून बसला होता.

तारीख बारा फेब्रुवारी दोन हजार पाच, शनिवार. त्याचं बाळ अकरा दिवसांचं, दुसऱ्या दिवशी बारसं. दोन्हीकडच्या आयांचे व्हिसा रिजेक्ट झालेले, त्यामुळे सगळी सूत्रं शेजारच्या शोभनाकाकूंच्या हातात. काकूंनी फर्मान काढलं, "काहीही कर, पण पाळणा आण. त्या प्लॅस्टिकच्या टोपलीत नाव ठेवायचं नाही!" निघाला बिचारा. इंटरनेटवर जाहिरात सापडली होती. तासभर ड्राइव्ह केल्यावर एक शेत आलं, तिथे एकटा राहणारा एक गोरा म्हातारा. त्याचे पूर्वज नॉर्वेहून आलेले.

पाळणा मात्र झकास होता. काळंभोर लाकूड, बाजूंना कोरीवकाम, खाली डुलायला वाकडे पाय. म्हाताऱ्याने तो गाडीत चढवू दिला आणि मग दार धरून विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

म्हाताऱ्याने दार सोडलं नाही. मग म्हणाला, आमच्या घरात यात फक्त मुलीच निजल्या. का, तर जुन्या काळी नॉर्वेत राजाच्या प्रत्येक मुलाला गादीवर हक्क सांगता यायचा, मग तो लग्नाच्या बायकोचा असो वा नसो. राजा मेला की लागलीच मारामाऱ्या. गादी हवी असणारे दुसऱ्यांची पोरं हुडकत फिरायचे. याच पाळण्यात म्हणे असा एक तान्हा राजपुत्र लपवला होता. रात्री माणसं यायची. दिवा लावायचे नाहीत, कुणाला काही विचारायचे नाहीत. नुसता पायाने पाळणा ढकलून बघायचे. हलका गेला तर रिकामा, मग घर धुंडाळायचं. जड गेला तर... पुढचं म्हाताऱ्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "रिकामा असताना हलवू नकोस. त्यांना ऐकू जातं."

शैलेंद्रला हसू आलं. शोभनाकाकूंनीही हेच बजावलं होतं की! रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पण इंजिनियर ना शेवटी! घरी आल्यावर त्याने हॉलमध्ये पाळणा मांडला, फुगे बांधले, आणि पाय कुरकुरतात का ते बघायला दिला झोका. एकदा नव्हे, चांगला पाच-सहा वेळा. म्हणे टेस्टिंग! असा राग येतो ना मला अजून त्याचा.

बर्फ कोसळतच होता. रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेले. हीटिंगची घरघर थांबली, त्यानेच त्याला जाग आली. पलीकडे त्याची बायको शरयू, मध्ये बाळ. त्यांच्या बेडरूमला दार एकच, हॉलमध्ये उघडणारं.

आणि हॉलमध्ये पाळणा वाजला.

कुर्र... थांबला. परत कुर्र...

कुणीतरी धक्का देत होतं. देऊन थांबत होतं.

"शैलू," शरयू कुजबुजली, "बाहेर कोण आहे रे?"

तो खिडकीकडे सरकला. खिडकी गोठून घट्ट बसलेली. बाहेर उणे वीस. अकरा दिवसांचं पोर घेऊन जाणार कुठे? पोलिसांच्या नाइन-वन-वनला फोन करून सांगणार काय, पाळणा हलतोय?

पाळणा हलका जात होता. हलका म्हणजे रिकामा. आता घर धुंडाळतील...

ओल्या चामड्याचा वास दाराच्या फटीतून आत आला. मग पावलं. एकाची नव्हती. स्वयंपाकघरात गेली. कपाटं उघडली, एकेक करून. मग बाथरूम. घर ते केवढं! राहिली एकच खोली.

बाळ चुळबुळलं. ते रडू नये म्हणून शरयूने त्याला पाजायला घेतलं. "त्यांना देऊ नको रे," एवढंच म्हणाली.

ड्रेसरवर वरवंटा होता. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात ना, झबलं-टोपडं घातलेला? तोच. नागपूरहून बॅगेत घालून आणलेला तो दगड शरयूने संध्याकाळीच नटवून ठेवला होता. शैलेंद्रने तो छातीशी धरला. दार उघडलं.

मिट्ट काळोख. दिसलं कुणीच नाही. पण पावलं थांबली.

त्याने वरवंटा पाळण्यात, बाळाला निजवतात तसा निजवला. डोक्याखाली हात धरून. दुपटं पांघरलं. आणि रडला रे तो, हमसून रडला. "माझंच पोर ठेवतोय असं वाटलं," मला म्हणाला.

मागे फिरला. दार लावलं. दाराला पाठ लावून उभा राहिला.

कुर्र...

या वेळी जड.

परत एकदा... जड.

मग शांत. कितीतरी वेळ...

खट्.

बस्. त्यानंतर काही नाही.

सात वाजता उजाडलं तेव्हा तो हॉलमध्ये आला. बाहेरच्या दाराला आतून कडी, बाहेर मांडीएवढा बर्फ, त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. कपाटं मात्र सगळी सताड उघडी. पाळण्यात दुपट्याखाली वरवंटा होता तसाच. टोपडं जागेवर, झबल्याच्या नाड्या शरयूने बांधल्या होत्या तशाच. शैलेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला...

तर दगड झबल्यात मधेच वाकला.

त्याने नाड्या सोडल्या. आत दोन तुकडे होते, विळीवर कापल्यासारखे. जिथे टोपडं संपतं, बरोबर तिथे. आणि झबल्याचा एक टाकासुद्धा तुटला नव्हता.