चोरओटी

चाकणच्या त्या कारखान्यात बेअरिंगचे सुटे भाग धुवायची एक खोली होती. धुवायचे म्हणजे पाण्याने नव्हे. टाकीत ट्रायक्लोरोएथिलीन उकळायचं आणि त्याच्या वाफेत जाळीच्या टोपल्या सोडायच्या, तेलाचा डागही उरत नाही. वास गोडसर. पाच मिनिटांत नाक त्याला सरावतं, पण यकृत सरावत नाही आणि पोटातलं मूल तर नाहीच. हा धोका मोजायलाच विजयश्रीला पिंपळे सौदागरहून बोलावलं होतं. कामगारांच्या कॉलरला बिल्ले लावायचे, आठ तासांत त्यांवर किती वाफ बसली ते लॅबमध्ये तपासायचं आणि अहवाल लिहायचा, हे तिचं रोजचं काम.

तिला स्वतःला दिवस जाऊन दोन महिने उलटले होते. आधीची दोन गेली होती, म्हणून या खेपेला नवऱ्याखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. खोलीत अर्धा तास, तोंडावर मास्क, असं धरून तिने स्वतःचाही धोका मांडून पाहिला होता. नगण्य आला. आकडा नगण्य आला म्हणून जीव थाऱ्यावर राहतो थोडाच!

खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी प्रकृतीचा फॉर्म भरावा लागे. 'गरोदर असल्यास महिना' हा रकाना विजयश्रीने कोरा सोडला. मग तिने बाकीचे फॉर्म चाळले. आत एकच बाई कामाला होती, केसरबाई. तिच्या रकान्यात 'पाचवा' असं होतं. मागच्या वर्षीच्या फॉर्मवरही पाचवा, त्याच्या आदल्या वर्षीही पाचवा. सुपरवायझर शेखर म्हणाला, मॅडम, क्लार्क जुन्यावरून उतरवतो, दुसरं काय. विजयश्रीला ते पटलं. असले फॉर्म तिने ढिगाने पाहिले होते.

पण केसरबाईला खरंच दिवस होते. नाव आजीच्या वयाचं, बाई जेमतेम तिशीची, पोट नुकतं दिसू लागलेलं, अंबाड्यात झेंडूचं टपोरं फूल. विजयश्री चिडलीच. पोटुशी बाईला या वाफेत उभं करता? शेखर बदलतो म्हणाला, पण बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

टाकीवरच्या पाइपला झेंडूचा हार होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हाचाच दिसत होता. आता मार्गशीर्ष सरत आला होता आणि फुलं मात्र सकाळी खुडल्यासारखी होती.

"हार कधी बदलला?" तिने विचारलं.

"वाळला की काढायचा, अशी रीत हाय," केसरबाई म्हणाली. "वाळतच न्हाई."

वाफेमुळे बुरशी धरत नसावी, असं विजयश्रीने वहीत लिहिलं. मग खोडलं.

आठवड्याने बिल्ल्यांची दुसरी फेरी झाली. ते गोळा करून ती निघाली, तेव्हा केसरबाईने तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि हळूच विचारलं, "तिसरा लागला न्हवं?"

विजयश्रीने मान हलवली. तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, आईने भरायची ती चोरओटी. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. केसरबाईने मूठभर तांदूळ, सुपारी आणि हारातलं एक फूल तिच्या ओढणीत घातलं. ओटीला नको कसं म्हणायचं? विजयश्रीला रडू आलं आणि फार बरं वाटलं.

लॅबचे निकाल आले. सगळे बिल्ले मर्यादेच्या जरा वर होते. केसरबाईचे दोन्ही मात्र कोरे, पाकिटातून काढलेच नसावेत असे.

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ दहा आठवड्यांचं भरलं. तारीख चुकली असेल, डॉक्टर म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा दहा. महिन्याने पुन्हा दहाच. ठोके उत्तम. वाढ थांबली की ठोकेही थांबतात, असं म्हणत डॉक्टरांनी मशीन बदलून पाहिलं.

त्या दुपारी विजयश्रीने पर्समध्ये जपलेलं ओटीचं फूल बाहेर काढलं. देठ अजून ओला होता.

ती तशीच चाकणला गेली. केसरबाई टोपली खाली सोडत होती. पोट तेवढंच होतं.

"हे फेकून दिलं तर?"

"मी काढलं व्हतं एकदा. जेवायच्या सुट्टीपुरतं."

"मग?"

"रगत जाया लागलं. परत माळलं, तवा थांबलं."

"किती वर्षं झाली त्याला?"

केसरबाईने अंबाडा चाचपला. "मी मोजत न्हाई. ठोकं हायेत न्हवं? मंग झालं."

विजयश्री फूल मुठीत धरून टाकीपाशी उभी राहिली. वास केव्हाच येईनासा झाला होता.

दोन गेली होती.

तिने फूल पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

खोली बंद करा, असं लिहिलं असतं तर हार उतरला असता. अहवालात तिने लिहिलं, धोका मर्यादेत.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर ती पुन्हा तपासणीला आली. शेखरने फॉर्म पुढे केला. या खेपेला तिने रकाना कोरा सोडला नाही. 'तिसरा' असं लिहून ती आत गेली.