उपाशी तुकडा

"ताई, ह्यात लेंडीखत कुणी टाकलं?"

लामेक अंगणातच ओरडला. मुठीत माती, मातीत शेळीच्या अर्धवट कुजलेल्या लेंड्या, डोळ्यांत आग... एनेलेसी चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा घोटत होती. तिचा हात थांबला. ओसरीतल्या म्हाताऱ्या आईचा चेहरा राखेसारखा झाला, आणि तो तिनं पाहिला.

"मीच टाकलं," ती म्हणाली.

खोटं! धडधडीत खोटं! मातीच्या शास्त्रात डॉक्टर होऊ पाहणाऱ्या या धाकट्या भावासाठी तिनं आपलं निम्मं शेत तीन हंगाम उपाशी ठेवलं होतं. निम्म्यात खत घालायचं, निम्म्यात चिमूटभरही नाही, म्हणजे खताचा गुण कळतो. चौथा हंगाम तोंडावर होता. त्याच्या प्राध्यापकांनी चार हंगामांची मोजणी मागितली होती. इथं जमीन आईकडून लेकीला जाते, भावाचं त्यात ढेकूळही नाही. तरी तिनं दिली आणि पोरांची ताटं अर्धी केली. प्रेमानं दिलं म्हणून भूक कमी लागत नाही, हे शिकलेल्यांनी ध्यानात ठेवावं!

"सगळं मातीत घातलंस! एक हंगाम धीर धरवला नाही? अधाशी कुठली!"

तिनं पळी पुन्हा फिरवायला घेतली.

"तिला बोलू नकोस रे!" आई कळवळली. "मी टाकलं. तुझे प्राध्यापक पीक बघायला येणार... माझ्या लेकीची असली बोटभर कणसं त्यांना दाखवू? आधीच बाया म्हणतात, एनेलेसीला शेती येत नाही. लाज वाटली मला!"

लामेक चुलीपाशी येऊन बसला. "ताई, मग तू का अंगावर घेतलंस?"

"आई थकलीय. तुझं ओरडणं मला सोसतं." तिनं डोळे पुसले. "हे खत उतरायला एक, मोजायला एक, असे आणखी दोन हंगाम ठेव उपाशी. तुकड्यालाही, आम्हालाही."

तो उठला. शेळ्यांच्या गोठ्यातून भरलेली टोपली आणून त्यानं त्याच तुकड्यात पालथी केली.

"अरे, वेडा झालास? तुझी पदवी?" एनेलेसी ओरडली.

"तीन हंगामांचं खरं आहे, तेवढंच लिहीन. चौथा का नाही, तेही लिहीन. प्राध्यापकांनी मानलं तर मानलं."

"नीट पसर!" ओसरीतून आई. "एवढा शिकला, अजून ढीगच घालतो!"

एनेलेसी रडता रडता हसली.

जेवणाआधी मोठ्यांच्या हातांवर पाणी घालायचं काम घरातल्या लहानाचं. विद्यापीठात गेल्यापासून लामेकनं तांब्याला हात लावला नव्हता. आज त्यानं तो उचलला, आणि आधी ताईपुढे वाकला.