बाजारातली लॅबोरेटरी

ही घटना खरी आहे. सत्यवानमामा माझे सख्खे मामा, आणि ते थापा मारत नाहीत. लघवीत साखर सापडली तर ते मामलेदारालाही तोंडावर सांगतात.

तारीख एकवीस नोव्हेंबर १९६१. मंगळवार. मालवण बाजार. वेळ भर दुपारची, सव्वाची. अशा गोष्टींनी रात्रीपर्यंत थांबावं, हा नियम आमच्याकडे कुणी पाळत नाही.

त्याआधी वर्षभर मामा जागा शोधत होते. मुंबईच्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं रक्त तपासून ते गावी परतले होते. जवळ एक मायक्रोस्कोप, एक स्पिरिटचा दिवा आणि बायको. नव्हती ती फक्त जागा. मालवण बाजारात गाळा रिकामा व्हायला कुणीतरी मरावं लागतं, आणि त्याचा तेरावा व्हायच्या आत चार गिऱ्हाइकं दारात उभी असतात.

एका मालकाने तर बाटल्या बघूनच हाकललं. "बाजारात मूत तपासतलंस? शेजारी लोक खाजा इकतत, मेल्या!"

शेवटी रुक्मिणीबाईंची जागा निघाली. रस्त्याला एक दार, एक गजांची खिडकी, मागे एक काळोखी आतली खोली. मागणारे तिघे: मामा, शंकर शिंपी आणि सोडावाला बाबली.

बाई म्हणाल्या, "तिगांय गाऱ्हाणा घाला. जागेवाल्याक कोण आवाडता ता बघूया."

नव्या जागेत शिरण्याआधी जागेवाल्यापुढे, म्हणजे तिथल्या न दिसणाऱ्या राखणदारापुढे, नारळ ठेवून मागणं मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत.

शिंप्याने बरकत मागितली. बाबलीने कडक उन्हाळा मागितला. मामांचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे ते जरा जास्तच बोलले.

"बा देवा म्हाराजा, माका हयसरच ठेव. ही जागा मी कदी सोडूचंय नाय. माझा जा काय आसा, ता तुजा."

असं कुणी बोलत नाही. ‘व्हय म्हाराजा’ कुणीच म्हटलं नाही...

मग आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं.

मामांना वाटलं, बाईंचा कुणी म्हातारा असेल. बाईंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आत कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही. जागा मिळत असताना चौकशा कोण करतो?

सहा महिने उत्तम गेले.

त्या मंगळवारी शिरोड्याहून तार आली. यशोदामामी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. मुलगा झाला होता.

वेंगुर्ल्याची एस्टी दीडला. बाजार जेवून निजलेला. मामांनी दिवा विझवला, पिशवी उचलली, उंबरा ओलांडला...

आणि ते आतल्या खोलीत उभे होते.

मामा विज्ञानवाले. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत. ते पुन्हा दाराशी आले. उंबरा ओलांडला. आतली खोली. तिसऱ्यांदा ते पाठमोरे गेले.

आतली खोली.

दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन दिसत होतं. पाय मात्र आतच पडत होता.

मग त्यांच्या तळव्यांना गार लागलं.

पायांत चपला नव्हत्या.

बाहेर रस्त्यावर करकर ऐकू आली... त्यांचीच उजवी चप्पल. ती मुंबईपासून करकरायची.

"काय रे मुतवाल्या, खंय चललंस?" समोरून बाबलीचा आवाज. मग तारेचा कागद उलगडल्याचा आवाज. "झील झालो? अरे व्वा! मगे सोडो पी. पैशे नको माका!"

मामांनी खिडकीकडे धाव घेतली. बाबली पाच हातांवर उभा होता. हसत होता. त्याने बाटली पुढे केली. घेणारा मात्र खिडकीच्या कडेआड होता.

गोटी खाली गेल्याचा आवाज. मग घोट... एक, दोन, तीन.

मामा गज धरून ओरडले. बाबलीने वळूनही पाहिलं नाही.

करकर लांब गेली. एस्टीचा हॉर्न वाजला.

मामा त्या खोलीत बावीस तास होते. या बावीस तासांबद्दल ते बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला एस्टी आली. करकर जवळ येत गेली. दाराशी थांबली...

उंबऱ्यावर चपला होत्या. नुसत्या चपला.

मामांनी पाय घातले. चपला गरम होत्या. या खेपेला उंबऱ्यापलीकडे बाजारच होता.

संध्याकाळी ते शिरोड्याला पोचले. मामींनी बाजेवरूनच विचारलं, "परत इलात? कालची सगळी रात हयसर बसललात मां! एक शबूद बोलाक नाय."

मामा बाळाकडे वळले. "मी... पोराक हात लावलंय?"

"हात? टाचेक सुई टोचलात! थेंब काचेर घेतलात, कागदात गुंडाळलात नि पहाटे चलते झालात. बापूस आसात काय कसाई?"

मामांनी दुपटं बाजूला केलं. टाचेवर लाल ठिपका होता. ताजा.

त्याला आता सात वर्षं झाली. मुलगा शिवा. बरा आहे, झाडावर चढतो, मार खातो. मामा मात्र ती काच अजून शोधतात. त्यांनी जमीन उकरली, कौलं उतरवली, आतल्या खोलीच्या भिंतींचा गिलावा पाडला. हाती लागल्या त्या सगळ्या काचा दुसऱ्यांच्या रक्ताच्या.

गेल्या वर्षी एका डॉक्टरने त्यांना आपल्या दवाखान्याशेजारी मोठी जागा देऊ केली. पाण्याचा नळ, विजेचा दिवा. मामा नाही म्हणाले. बाजारातल्या त्या खोलीवर आज सहा जण टपलेले आहेत. बाबली तर दर आठवड्याला विचारतो, "सोडतंस काय रे?"

मामा नकारार्थी मान हलवतात. काच त्या खोलीतच आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. गाऱ्हाण्यात ‘माझा जा काय आसा, ता तुजा’ म्हटलं होतं, हे ते विसरलेले नाहीत.

ती तिथे नसली तर कुणापाशी आहे... हे त्यांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.