आईच्या गाडीचं गिऱ्हाईक

गेटशी टेम्पो थांबला, तेव्हा मी आईच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली कोपरापर्यंत हात घालून उभी होते.

"गाडी न्यायला आलोय," मागून आवाज आला. "तुमच्या भावानं बोलावलंय."

मी वळले. गाड्या भंगारात घेणारा म्हणजे कुणीतरी पोट सुटलेला, खेकसणारा असणार, असं मी धरून चालले होते. हा तर माझ्याच वयाचा... पापण्यांवर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत उगाचच हसू.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"विकायचीय," दादा दारातून म्हणाला. "दर ओल्या सकाळी रुसून बसते. आई गेली, आता या गाडीचे लाड कुणी करायचे?"

ती रुसत नव्हती. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या काळ्या टोपीला, डिस्ट्रिब्यूटर कॅपला, तडा गेला होता. ओल शिरली की ठिणगी वाट चुकायची. नवी कॅप मी आणून ठेवली होती. सगळे नको म्हणत असताना आईनं मला याच गाडीवर इंजिनाचं काम शिकवलं होतं. तिचा पत्रा होऊ देणार नव्हते मी.

"चालू झाली तर?" मी टेम्पोवाल्याला विचारलं.

"चालू गाडी मी तोडायला नेत नाही." दादानं डोळे वटारले, तरी त्यानं शब्द फिरवला नाही.

"हिला काय जमतंय," दादा पुटपुटला.

त्या रागात मी घोळ घातला. वायरी एकेक करून नव्या कॅपवर न्यायच्या, तर मी सगळ्या एकदम उपटल्या. अंदाजानं खोचल्या, चावी फिरवली... फाडकन आवाज झाला, धूर निघाला. दादा हसत आत गेला.

टेम्पोवाला हसला नाही. टेम्पोतून छत्री आणून त्यानं इंजिनावर धरली – स्वतः भिजत.

"मदत करू?"

"नको."

"बरं. नुसता उभा राहतो."

"राहा. पण असं बघू नका."

"इंजिनाकडे बघतोय."

"इंजिन इकडे आहे."

त्याचे कान लाल झाले.

मी वायरी नीट न्याहाळल्या. इतक्या वर्षांत प्रत्येकीला आपापला बाक पडला होता. मधल्या दोघींची अदलाबदल झाली होती. त्या बदलल्या, चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली... आणि धडधडू लागली. माझंही तेच चाललं होतं, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"तुमचा सौदा बुडाला."

"बुडू दे. एक चक्कर मारायला न्याल?"

नेलं. मग तो येतच राहिला. कधी टायरची हवा बघायला, कधी बॅटरीचं पाणी. गाडी ठणठणीत होती, तरी मी बॉनेट उघडत राहिले.

एका सकाळी दादानं त्याला गेटवरच अडवलं. "हिनं गाडी द्यायची नाही म्हटलं ना. मग आता कशासाठी येता?"

मी हात पुसत पुढे झाले.

"माझ्यासाठी येतात, दादा. मला आवडतात ते. आणि उद्याही येतील."

दादा खांदे उडवून आत गेला.

"हे आधी सांगायचंत ना," टेम्पोवाला माझ्या कानाशी हळूच म्हणाला. "मी उगाच इतके दिवस टायर तपासत बसलो..."