थोडक्यात वाचलो

चौथ्या मजल्यावरून पाना सुटला आणि माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर पडला.

मी वर पाहिलं. परांचीवरची चार-पाच हेल्मेटं एकदम कामात गढून गेली.

"कुणाचा?"

मी इथली सुरक्षा अधिकारी. धोकादायक परांची दिसली की मी तिला लाल चिठ्ठी लावते आणि काम बंद करते, म्हणून साइटवर माझं नावच 'लाल चिठ्ठी'. माझ्याशी बोलायला कोण उत्सुक असणार! पण तेवढ्यात परांची बांधणारा मिस्त्री शिडीवरून खाली उतरला.

"माझा. हातातून निसटला."

खरं सांगते, मी रागावणारच होते. पण आठ महिन्यांत 'माझा' म्हणणारा हा पहिलाच माणूस... आणि नजर तरी किती सरळ!

"मग वहीत लिहा."

अपघात होता होता टळला, तर लिहायला माझ्या केबिनबाहेर 'थोडक्यात वाचलो' नावाची वही टांगलेली असते. ती कोरी करकरीत होती.

"लिहिलं की ठेकेदार घरी पाठवतो, मॅडम. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"तुम्हाला पाठवलं तर मीही जाईन."

बोलून तर गेले, पण ही नोकरी मला हवी होती हो! तो बघतच राहिला. मग त्याने पेन मागितलं.

ठेकेदाराने तासभर तोंडाचा पट्टा चालवला. मी राजीनामा टेबलावर ठेवला. शेवटी मिस्त्री राहिला, मी राहिले, आणि हत्यारं बांधायला प्रत्येकाच्या पट्ट्याला दोरी आली. मग वही भरू लागली. सैल फळी, उघडी वायर, निसरडा जिना... माणसं मोकळी झाली, कामावर हसत येऊ लागली. मिस्त्री तर रोजच नोंद घेऊन हजर!

"आज काय?"

"जिन्यावर पाय घसरला."

"लक्ष कुठं होतं?"

"केबिनच्या खिडकीत."

"तसं लिहू?"

"लिहा ना... वेळेसकट."

मी गडबडून पेनाचं टोपण शोधू लागले. ते माझ्याच हातात होतं.

इमारत पूर्ण झाली. परांची उतरली, आणि मिस्त्रीला दुसऱ्या गावच्या साइटचं बोलावणं आलं. निरोप घेताना तो काही बोलला नाही. मीही नाही. सगळ्यांना 'लपवू नका' म्हणून सांगणारी मी, आणि माझीच दातखीळ बसली! तो गेल्यावर चडफडत वही उघडली. शेवटच्या पानावर त्याचं अक्षर होतं.

'काय झालं: पाना पडला, मॅडमनी वर पाहिलं. थोडक्यात वाचलो का: नाही. उपाय:'

पुढे कोरं.

वही घेऊन मी धावत सुटले. तो फाटकापाशीच रेंगाळत होता, खांद्यावर पिशवी, हेल्मेट हातात.

"अर्धवट नोंद मी घेत नाही!" मला धाप लागली होती.

"तो रकाना तुम्ही भरायचा असतो, मॅडम."

मी भरला. 'उपाय नाही. मलाही तेच झालंय.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. कानापर्यंत लाल झाला.

"मग... आता अहो-जाहो बंद करायचं?"

"करूया," मी म्हणाले. "पण तू आधी हेल्मेट घाल. फाटकाच्या आत आहेस अजून."