जवळचं बंदर, दूरचं बंदर

“दूरच्या बंदराचंच द्या,” मी म्हणाले, आणि माझ्या मागे कोणीतरी चक्क हसलं.

वळून पाहिलं, तर भिंतीलगतच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. बाह्या दुमडलेल्या, एका कोपराला पीठ लागलेलं, मांडीवर कागदी पिशव्यांचा गठ्ठा. हसू लपवायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. त्या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसातला पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देत होता. मला आधीच उकडत होतं, त्यात हे.

“काही विनोद झाला का?” मी विचारलं.

“नाही, नाही... सॉरी. चालू द्या तुमचं.”

विनोद कसला? माझी आत्या शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. मला लहानाचं मोठं तिनेच केलं, आणि आयुष्यात एकदा मोठ्या बोटीतून समुद्र बघायचा, एवढीच तिची हौस होती. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. पगार बेताचा, पण आत्याची हौस माझ्याच कमाईतून पुरवायची हे मी मनाशी पक्कं केलं होतं. काउंटरवरचा टायवाला आत्ताच सांगत होता, की ही बोट आठवडाभर बेटांभोवती फिरते आणि दोन बंदरांवरून प्रवासी घेते. शनिवारी संध्याकाळी दूरच्या बंदरातून निघते, रविवारी सकाळी जवळच्या बंदरात येते. दूरच्या बंदरावरून चढलं तर तिकीट बरंच स्वस्त. मग अजून विचार कसला करायचा?

“त्या दूरच्या बंदराला जाणार कसे?” मागून आवाज आला.

“ट्रेनने.”

“दोघांची जाण्या-येण्याची ट्रेन. स्टेशनवरून बंदरापर्यंत टॅक्सी. आणि बोट कोणासाठी थांबत नाही, म्हणजे आदल्या दिवशीच पोचायला हवं. हॉटेल आलं. हॉटेल आलं की बाहेरचं जेवण आलं.” तो उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर ताज्या पावाचा गरम वासही आला. “जवळच्या बंदराला बसने दोन तासांत जाता येतं. तिकीट महाग, पण बाकी सगळं वाचतं. मी तरी तेच घेतोय.”

“तुम्हाला कोणी विचारलं का?”

“नाही,” तो शांतपणे म्हणाला. मग हातातल्या गठ्ठ्यातली एक पिशवी काढली, टायवाल्याच्या खिशातलं पेन त्याला न विचारता घेतलं, आणि पिशवीच्या पाठीवर सगळा हिशेब मांडून माझ्या हातात ठेवला. खरंच, त्याचं जवळचं बंदर थोडंसं स्वस्त पडत होतं. माझा चेहरा बघून टायवाला खाली बघून कागद चाळू लागला.

“विचार करून सांगते,” मी म्हणाले आणि ताठ मानेने बाहेर पडले. पिशवी मात्र हातातच राहिली.

*

त्या रात्री मी जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीवर छापलेला पत्ता शोधत त्याच्या बेकरीत हजर.

“रात्रीची ट्रेन,” मी पिशवी काउंटरवर आपटली. “झोपून जायचं. सकाळी पोचायचं, बोट संध्याकाळी सुटते. हॉटेल रद्द. माझ्या आत्याला ट्रेनमध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत. स्टेशनसमोरून बंदराला बस जाते. टॅक्सी रद्द. आता बोला.”

त्याने पिशवी उचलली. हातावर मनगटाजवळ भट्टीचा जुना चटका होता. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते आणि मी उगाचच त्या ओठांकडे बघत होते.

“आणि ट्रेनला उशीर झाला तर?”

“तुमच्या बसचं टायर पंक्चर झालं तर?”

“मग मी पळत जाईन,” तो म्हणाला. “दोन तासांचं तर अंतर आहे.”

मला हसू आलं. नको होतं यायला, पण आलं. त्याने भट्टीतून नुकताच काढलेला एक गोल पाव कागदात गुंडाळून पुढे केला. मी पैसे काढले, तर म्हणाला, “राहू द्या. उद्या उत्तर देतो, तेव्हा द्या.”

मग काय, सुरूच झालं. एक दिवस तो हरायचा, एक दिवस मी. तो सामानाच्या हमालीचं काढायचा, मी बसच्या तिकिटाचं. तो म्हणायचा, दूर जायचं तर दुकान दोन दिवस जास्त बंद ठेवावं लागेल, त्याचं नुकसान कोण धरणार? आठ वर्षांत त्याने दुकान एकदाही बंद ठेवलं नव्हतं. ही सुट्टीसुद्धा त्याच्या मोठ्या बहिणीने भांडून घ्यायला लावलेली. मी म्हणायचे, “दुकान तुमचं, नुकसान तुमचं, ते माझ्या हिशेबात कशाला?” आणि घरी जाताना वाटेत एकटीच हसायचे.

आत्या सगळं बघत होती. “रोज एवढा पाव कोण खाणार आहे?” तिने एकदाच विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग एका दुपारी तो आमच्या दुकानातच येऊन उभा राहिला. म्हणे, डोळे तपासायचेत.

तपासणीची खोली छोटी आणि अंधारी. समोर फक्त अक्षरांचा उजळ तक्ता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा, कधी काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवताना माझी बोटं त्याच्या कानाला लागली आणि मीच गडबडले.

“सगळ्यात खालची ओळ वाचा.”

त्याने वाचली. एकही अक्षर चुकलं नाही.

“डोळे चांगले आहेत तुमचे. कशाला आलात?”

“दूरचं नीट दिसतं का ते बघायचं होतं.”

“दिसतंय की.”

“हो...” तो फ्रेममधून माझ्याकडेच बघत होता. “जवळचं त्याहून छान दिसतंय.”

मी दिवा लावला. दुसरं काय करणार होते? माझे कान तापले होते. तो उठला, दाराशी थांबला, आणि म्हणाला, “तू खरंच दूरच्या बंदरावरूनच जाणारेस?”

पहिल्यांदाच तो मला ‘तू’ म्हणाला होता.

“हो,” मी म्हणाले. “आणि तू?”

“मी... जवळच्या. तसं ठरलंय ना.”

तो गेला आणि मी बराच वेळ त्या खुर्चीशी उभी राहिले. एवढं भांडून, एवढे हिशेब मांडून आता ‘मी तुझ्या बंदरावरून येते’ म्हणायचं म्हणजे सरळ सांगण्यासारखंच होतं. आणि तेच तर मला सांगायचं होतं. पण तोंडाने सांगायचा धीर कोणाला होता?

*

बुधवारी बुकिंगचा शेवटचा दिवस होता. सकाळी आत्या चहा पिता पिता म्हणाली, “मला ना, ट्रेनमध्ये झोप लागत नाही.”

भर वर्गात, मुलं पाढे म्हणत असताना डुलक्या घेणारी ही बाई. मी तिच्याकडे बघत राहिले. ती कपातच बघत होती.

“आणि ती खिडकीवाली खोली नको हो,” ती पुढे म्हणाली. “समुद्र बघायला वर डेक असतोच. बिनखिडकीची घेतली तर त्या जवळच्या बंदराचं परवडेल ना?”

मी तिच्या गळ्यात पडले. दुपारी धावतपळत ऑफिस गाठलं आणि टायवाल्यासमोर पैसे ठेवले. “जवळच्या बंदरावरून. दोघी. लगेच करा.”

टायवाल्याचा चेहरा विचित्र झाला. “मॅडम, एक सांगू का? सकाळीच ते—”

“काही सांगू नका. माझं मन परत बदलेल. करा.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि बुकिंग केलं.

नंतरचे दिवस मी बेकरीच्या रस्त्याने गेलेच नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि मला त्याचा चेहरा बंदरावर बघायचा होता. रांगेत उभा असेल, मी मागून जाऊन म्हणेन, “सरका जरा.” शंभर वेळा मनात म्हणून बघितलं. पाय जमिनीवर नव्हते माझे.

रविवारी पहाटे बस पकडायला निघालो, तर बेकरीचं शटर खाली होतं. ते ठीकच. पण शेजारचा दूधवाला म्हणाला, “तो? तो तर शुक्रवारीच गेला. बॅग घेऊन. कुठे ते सांगितलं नाही.”

शुक्रवारी? दोन तासांच्या बंदराला जायला कोणी शुक्रवारी निघतं का? माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. रोज भेटणाऱ्यांना नंबर लागत नाही, आणि मागायचा धीर दोघांनाही झाला नव्हता. पिशवीवर दुकानाचा नंबर होता, तो लावला. बंद शटरच्या आत फोन वाजताना मला बाहेर ऐकू येत होता.

वाटभर आत्याने माझा हात धरून ठेवला.

*

बंदरावर वारा नुसता सुटला होता. केस तोंडावर, तिकीट हातात फडफडतंय, आणि समोर ती बोट—पांढरी, इतकी उंच की मान मागे टाकून बघावं लागत होतं. आत्या लहान मुलीसारखी टाचा उंचावून बघत होती. मी मात्र रांगेतला एकेक माणूस न्याहाळत होते. पुढे नाही. मागे नाही. छत्रीच्या दुकानापाशी नाही, पाण्याच्या नळापाशी नाही.

“मान मोडेल तुझी,” आत्या हळूच म्हणाली.

“तो येणार नाहीये, आत्या.”

आतापर्यंत आठवडाभर जे सगळं थट्टेत चाललं होतं, ते थट्टेतलं नव्हतंच. मला तो हवा होता. भट्टीचा चटका, पीठ, चिवटपणा, सगळ्यासकट हवा होता. आणि मी हे त्याला अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंतरावर असताना सांगितलं नव्हतं.

रांग सरकली. आम्ही जिन्याच्या पायथ्याशी आलो. तिकीट बघणाऱ्या बाईंनी हात केला, “थोडं थांबा, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या.” कालपासून बोटीवर असलेले प्रवासी गाव बघायला खाली येत होते. टोप्या, कॅमेरे, छोट्या पिशव्या. आणि त्यांच्यात एकच माणूस भली मोठी बॅग घेऊन उतरत होता, सगळ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत, घाईघाईने, खाली मान घालून.

“ए!” मी ओरडले.

तो जागच्या जागी थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वर बोटीकडे, मग परत माझ्याकडे.

“तू... इथे काय करतेयस?” तो कसाबसा म्हणाला.

“मी? तू तिथे वर काय करतोयस?”

“मी दूरच्या बंदरावरून चढलो. काल.” तो उरलेल्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला. “तू तिथून येणार होतीस ना... बुधवारी सकाळीच तिकीट बदललं. शुक्रवारची रात्रीची ट्रेन, तुझ्या हिशेबाप्रमाणे. बंदरावर शेवटच्या माणसापर्यंत थांबलो. तू आलीच नाहीस.”

“आणि दुकान?”

“बंद ठेवलं. दोन दिवस जास्त.”

“मग आता बॅग घेऊन कुठे निघालास?”

“घरी. तुझ्याकडे. वाटलं, तुला बरं नसेल. नाहीतर माझं काही चुकलं असेल.” त्याने बॅग खाली ठेवली. “तुझ्याशिवाय आठवडाभर समुद्र बघत काय करू? मला तू आवडतेस. फार. त्या पहिल्या दिवशी हसलो ना, तेव्हापासून. तुझा हिशेब चुकला म्हणून नव्हतो हसलो. तू इतक्या तोऱ्यात ‘दूरच्या बंदराचंच द्या’ म्हणालीस...”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी हसतही होते. “मी बुधवारी दुपारी बदललं,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी. खिडकी सोडली आम्ही. मलाही तूच हवायस.”

“पुढे सरका हो, प्रेमवीर,” मागून कोणीतरी म्हणालं. कोणी रागावलं नव्हतं मात्र. तिकीट बघणाऱ्या बाईंनी आमची तिकिटं घेतली, त्याचं बोटीवर चढायचं कार्ड पुन्हा तपासलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तुम्ही येत्या शनिवारी त्या बंदरात उतरणार,” त्या त्याला म्हणाल्या. “आणि या दोघी रविवारी इथे.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे शेवटचा दिवस... हरकत नाही. मी ट्रेनने येईन आणि सोमवारी—”

“मी शनिवारी तुझ्याबरोबर उतरेन.”

“तुझी एक रात्र फुकट जाईल. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. वर ट्रेनचं तिकीट वेगळं, आणि स्टेशनपर्यंत—”

“मी विचारलं का तुला?”

मग हळूहळू त्याच्या तोंडावर तेच हसू पसरलं, लपवायचे कष्ट न घेतलेलं.

“खुशाल उतरा दोघं,” आत्या आमच्यामधून वाट काढत म्हणाली. “मी काही उतरणार नाही. मी आयुष्यभर वाट बघितलीय या बोटीची. रविवारपर्यंत अख्खी खोली माझी.” आणि ती कठड्याला धरून तुरुतुरु जिना चढू लागली, एकदाही मागे न बघता.

त्याने माझी बॅग उचलली, मी त्याची. त्याची फार जड होती, पण मी सोडली नाही. जिन्याच्या मध्यावर त्याने मोकळा हात पुढे केला आणि मी तो सगळ्यांदेखत घट्ट धरला.